नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की आपल्या घरांत हंड्यात तुरटी फिरवीत. काही ठिकाणी निवळीचे बी भांड्याला आतून घाशीत. गाळ तळाशी बसे आणि पाणी कशाने निवळले, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. पाश्चात्त्य देशांत घरोघरी होणाऱ्या बिअर, सायडर आणि मीड ह्या पेयांच्या बाबतीत मात्र निराळाच रिवाज रूढ झाला आहे. पेला आरपार दिसला म्हणजे पुरे. तो कशाने तसा झाला हे यजमान सांगत नाही आणि पाहुणा विचारीत नाही. ह्या मौनाविरुद्ध चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटेल. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही. परंतु ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करण्यास परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. अशा देशांत आपले कितीतरी आप्तेष्ट स्थायिक झाले आहेत. त्यांच्या मेजावर आपणही कधीमधी पाहुणे म्हणून बसतो. दुसरा दुवा तर आपल्या किनाऱ्याचाच आहे. घोळ माशाच्या पोटातील हवेची पिशवी, जिला आपले कोळी बांधव बोत म्हणतात, ती सोन्याच्या मोलाने विकली जाते. ती बहुतांशी अतिपूर्वेकडे खाण्यासाठी व औषधासाठी जाते. पण बिअर निवळविण्यासाठी शतकानुशतके वापरले जाणारे आयसिंग्लास हेदेखील माशांच्या अशाच पिशवीपासून बनते. पूर्वी ते रशियातील स्टर्जन माशापासून काढीत; ते महाग पडे, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मर्डॉक ह्या स्कॉटिश अभियंत्याने कॉड माशापासून स्वस्त पर्याय शोधला.

ह्या द्रव्याची किमया साधी आहे. बिअरमध्ये तरंगणाऱ्या यीस्टच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, आयसिंग्लासवर धन. दोन्ही एकमेकांना बिलगतात, जड होतात आणि तळ गाठतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेले जिलेटीन हेच काम करते. मीडसाठी बेंटोनाइट ही माती वापरतात. ती ऋणभारित असल्याने प्रथिनांना ओढून घेते. खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून काढलेले कायटोसानही बाजारात मिळते. आयरिश मॉस हे समुद्रशैवाल मात्र बिअर उकळत असतानाच, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालतात.

ह्या द्रव्यांना सरसकट भेसळ म्हणणारे सोवळे लोक आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही. ही द्रव्ये आपले काम करून बहुतांशी गाळाबरोबरच खाली बसतात. मधातील प्रथिनांमुळे आलेला गढूळपणा कित्येकदा महिनोन्‌महिने हटत नाही; तेथे बेंटोनाइट घालण्यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे.

पहिली गोष्ट घाईची. मद्यालयाच्या मालकाला पिंप उघडल्यापासून थोड्याच दिवसांत ते संपवावे लागते. कारखानदाराची टाकी अडून राहिली तर नुकसान होते. त्यांची घाई समजू शकते. घरी बिअर करणाऱ्याला कोणती घाई आहे? त्याच्यापाशी एकच भांडवल आहे आणि ते म्हणजे वेळ. बिअर गोठणबिंदूच्या जरा वर काही दिवस ठेवली की बहुतेक यीस्ट आपण होऊन खाली बसते. मीडला सहा महिने, वर्ष द्यावे. शिवाय रोग ओळखल्यावाचून औषध कसले? सायडरमधील गढूळपणा सफरचंदातील पेक्टिनचा असेल, तर आयसिंग्लास किंवा जिलेटीन कितीही ओता, तो जाणार नाही. त्याला पेक्टिन तोडणारे एन्झाइमच हवे, तेही शक्यतो आंबवण्यापूर्वी. व्यापाऱ्याची घाई घरात आणणाऱ्याने घरगुतीपणाची फुशारकी मिरवू नये.

दुसरी गोष्ट मौनाची, आणि ती अधिक गंभीर आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमांनी बिअर व वाइनमधील आयसिंग्लासला ॲलर्जीच्या सूचनेतून सूट दिली आहे. उरणारा अंश इतका अल्प असतो की अपायाचा संभव फारसा नाही, असे तज्ज्ञांचे मत पडले. ते मान्य करू. पण कायद्याने सूट दिली ती लेबलाला, यजमानाच्या सचोटीला नव्हे. समोरचा पाहुणा शाकाहारी असेल, उपवासात मांसमासे वर्ज्य करणारा असेल, कोळंबीने ज्याचे अंग सुजते असाही असेल. त्याने काय प्यावे हे त्याचे त्याने ठरवावे. ते ठरविण्याचे साधन आपण लपवून ठेवावे काय? ‘तळाशीच बसते’ हे ज्याला ठामपणे ठाऊक आहे, त्याला ते सांगण्याची भीती का वाटावी? गिनेस कंपनीने आयसिंग्लासचा वापर सोडण्याची घोषणा २०१५ मध्ये केली, तीही शाकाहारी ग्राहकांच्या आग्रहामुळे. दूर बसलेल्या ग्राहकाचे एवढ्या मोठ्या कारखान्याने ऐकले. मग घरच्या यजमानाला समोरच्या खुर्चीतील माणसाला एक वाक्य सांगणे जड जावे?

गढूळ पेल्याला लाजण्याची ही सवय मुळात डोळ्यांची आहे, जिभेची नव्हे. जर्मनीतील गव्हाची हेफेवाइत्सेन बिअर यीस्टसह गढूळच वाढतात आणि तिची कोणी हेटाळणी करीत नाही. तेव्हा परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना एवढेच सांगावेसे वाटते: थांबता येईल तेवढे थांबा. थांबूनही भागले नाही, तर गढूळपणाचे कारण ओळखून योग्य ते द्रव्य बेताने घाला. बाटलीवर त्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहा आणि पेला हाती देताना ते तोंडाने सांगा. एवढे केल्यावर पेल्यात थोडा गढूळपणा उरला, तर खुशाल उरू द्या.