जुन्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा का?



गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतोच. गाडी आहे तीच ठेवून तिला नुसता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेता येईल का? आमच्याकडेही निघाला. यांचा डावा गुडघा बदललाय आणि क्लच दाबायचा तो डाव्याच पायाने. गाडी 2013 ची, निगुतीने वापरलेली. विकायचं नाव काढलं की हे गप्प होतात. त्यात ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, "काकू, याच मॉडेलची ऑटोमॅटिक गाडी भंगारात आलीय. तिचा गिअरबॉक्स काढून बसवतो. दीड लाखात काम होईल."

माझं मत स्पष्ट आहे, बसवू नये. "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे वाक्य याही वेळी कानावर आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. पाय दाबला की दोघांचा संबंध तुटतो आणि मग गिअर बदलता येतो. ऑटोमॅटिकच्या जुन्या प्रकारात या प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरायला लागतात ना, तसंच काहीसं; फक्त वाऱ्याच्या जागी तेल. ते तेल तापतं, म्हणून त्याला थंड ठेवण्याची सोय लागते. गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्यासाठी त्याला गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं कळावं लागतं. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागोमाग तो कॉम्प्युटर, वायरिंग, कूलर, चाकांकडे जाणारे शाफ्ट, पेडल, गिअरचा दांडा, सगळंच बदलायला आलं. मिक्सरचं भांडं बदलण्याइतकं हे सोपं नाही.

मी गॅरेजवाल्याला एकच गोष्ट विचारली. कंपनीतून आलेल्या ऑटोमॅटिक गाडीत दांडा 'पी' किंवा 'एन' वर असल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. चुकून 'डी' वर राहिला तर किल्ली फिरवताच गाडी पुढे सरकू नये, म्हणून ही सोय. ती आमच्या गाडीत चालेल का? तो म्हणाला, "ते डायरेक्ट करून टाकू काकू, काही अडत नाही." माझ्यापुरता विषय तिथेच संपला. आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात, मांजरीची पिल्लं गाड्यांखाली झोपतात. यांचा पाय अजून नवा आहे, अंदाज यायचाय. अशा वेळी तीच एक सोय काढून टाकायची?

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांविषयी आहे. मूळ बनावटीत मनाने फेरफार चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये सांगितलंय. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायची वाट कायद्यात आहे, पण ती आरटीओकडून रीतसर जाते. आरसीवर गिअरचं काही लिहिलेलं नसतं, कोण बघतंय, अशी जात नाही. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस बघतो.

बी.कॉम. झालेय, त्यामुळे शेवटी वही काढलीच. आमच्या गाडीला आज दोनेक लाख येतील. तिच्यावर दीड लाख घातले म्हणून ती साडेतीन लाखांची होणार नाही. उलट असला बदल ऐकून गिऱ्हाईक मागे सरेल. त्याच साडेतीन लाखांत कंपनीतूनच ऑटोमॅटिक आलेली, चांगली वापरलेली गाडी मिळते. मारुतीने 2014 मध्ये सेलेरिओत एएमटी आणली, तेव्हापासून हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीसारखेच असतात, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना किंचित डोलल्यासारखं होतं. कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जाताना तेवढं डोललं तरी चालेल मला.

यांचं म्हणणं वेगळंच होतं. चालती वस्तू टाकून दुसरी घेणं हा परिग्रह नाही का? मी म्हटलं, एक देऊन एक आणली तर दारात गाडी एकच राहते. आणि आपली गाडी भंगारात थोडीच जातेय? ज्यांचे दोन्ही गुडघे धड आहेत, असं कोणीतरी ती दहा वर्षं चालवेल. यावर हे हसले, पण हो म्हणाले नाहीत.

रविवारी एक गाडी बघायला जाणार आहोत. सर्व्हिसचे कागद आधी मागायचे, क्लच कधी बदलला ते विचारायचं (एएमटीतही तो झिजतो), इंजिन थंड असताना सुरू करायला लावायचं, आणि चढावर थांबवून पुन्हा काढताना गाडी मागे किती घसरते ते बघायचं. चालवून मीच बघणार आहे. यांना सध्या शेजारी बसायचं आहे.