सामायिक कपाटाची किल्ली

प्रयोगशाळेतील तपासणी-यंत्रासोबत आलेला संगणक हा आपल्या संस्थांमधील एक उपेक्षित घटक आहे. यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते आणि त्याचा संगणकही तितकीच वर्षे मूळच्याच प्रणालीवर चालत राहतो. अहवाल विभागाच्या सामायिक साठ्यात जावेत म्हणून एके दिवशी तंत्रज्ञ त्याला नेटवर्कची तार जोडतो, सर्वांना एकच पासवर्ड देतो आणि काम सुरू होते. या जोडणीची नोंद बहुधा कोणत्याच फायलीत नसते.

हा विषय तांत्रिक समजला जातो. माझ्या मते तो प्रशासकीय आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. नेटवर्कची योग्य विभागणी नसणे, हे कारण शासनाने संसदेत सांगितले. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. त्या हल्ल्याची सुरुवात प्रयोगशाळेच्या संगणकातून झाली असे मी म्हणत नाही. पण धडा त्यालाही लागू आहे.

मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने फायली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला होता. विंडोज एक्सपीला केवळ तीच आवृत्ती समजते. म्हणजे एका जुन्या संगणकासाठी साठ्याचे जुने दार उघडे ठेवावे लागते आणि ते चोरालाही उघडे राहते.

मग जोडणीच नको का? तसेही नाही. जोडणी नाकारली की पेन ड्राइव्ह फिरू लागतात, आणि ती एकमेव हार्ड डिस्क बंद पडली की वर्षांचे काम जाते. म्हणून जोडावे, परंतु नियमाने. अशा संगणकांचे नेटवर्क वेगळे असावे. यंत्राला स्वतःचे खाते आणि केवळ स्वतःचे फोल्डर मिळावे. फारच जुना संगणक मध्ये एक नवा संगणक ठेवूनच जोडावा. साठ्याची एक प्रत नेटवर्कपासून अलग असावी आणि त्या प्रतीवरून माहिती परत मिळते का, हे अधूनमधून तपासावे.

आपल्याकडे अभिलेख कक्षातून संचिका नेताना नोंदवहीत सही करावी लागते. सामायिक साठा हाही अभिलेख कक्षच आहे. जोडणीस परवानगी कोणी दिली, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे एका पानावर लिहून अधिकाऱ्याने सही करावी. यास खर्च काहीच नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील संस्थांत काम करणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या प्रयोगशाळेतील ती तार कोणाच्या सहीने जोडली गेली, हे उद्या विचारून पाहावे. उत्तर मिळाले नाही, तर ते पान आपणच लिहायला घ्यावे.