गवताला पडीक म्हणणारांस

ज्या भूमीत नांगर चालत नाही व वृक्ष उभा नाही ती भूमी पडीक, ही व्याख्या आम्हांस मुळीच मान्य नाही. परकीय राजवटीने सारा देणारी तेवढी जमीन उपयोगी मानली, हे तिच्या महसुली बुद्धीस शोभले. परंतु दूर्वांवाचून गणेशपूजन न करणाऱ्या आणि दर्भावाचून श्राद्ध न मांडणाऱ्या समाजानेही तीच व्याख्या शिरोधार्य मानावी, यास काय म्हणावे?

माळव्याचे उदाहरण घ्या. रतलामजवळ सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर येथे शेतांना लागून गवताची राखीव कुरणे आहेत. त्यांस तेथे ‘बीड’ म्हणतात. पावसाळाभर गुरे बाहेर ठेवावयाची, गवतास बी धरू द्यावयाचे आणि मग कापणी करावयाची, ही तेथील जुनी रीत. अशा रीतीनेच पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते टिकतात. त्यांत रानफुले फुलतात, टोळ-भुंगेरे नांदतात आणि त्यांवर खरमोर जगतो. विणीच्या दिवसांत त्याचा काळा नर गवतावर दिवसाकाठी शेकडो उड्या घेऊन मादीला साद घालतो. १९८३ साली दोन्ही ठिकाणी अभयारण्ये झाली. तरीही २०२१ साली या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. कारण उघड आहे. कुरणे नांगरली गेली व तेथे सोयाबीन आले. मुळांचे जे जाळे एका दिवसात तुटते, ते पुन्हा विणावयास कित्येक वर्षे लागतात.

कोणी म्हणेल, पाखरासाठी शेतकऱ्याने उपाशी मरावे काय? मुळीच नाही! सरदारपुरास खाजगी जमिनी अभयारण्याच्या हद्दीत घेऊन त्यांच्या खरेदीविक्रीवर निर्बंध आले, त्यातून रोषच वाढला. सैलान्याकडे खरमोराची वर्दी देणाऱ्या व घरटे राखणाऱ्या शेतकऱ्यांस वनखात्याने बक्षीस देऊ केले, तेव्हा शेतकरीच राखणदार झाले. दंडाने जे साधत नाही ते मोबदल्याने व मानाने साधते.

आमचा मोठा वाद आहे तो पुण्याच्या हौशीशी. उत्सव आला की माळावर खड्डे खणून रोपे लावण्याचे समारंभ होतात. वृक्षारोपण पुण्यकर्म खरे. पण त्याची जागा रस्त्याकाठी, गावात व तोडलेल्या रानात आहे, जिवंत माळावर नव्हे. उन्हावर वाढणारे गवत सावलीत मरते आणि उघड्यावर वावरणारा खरमोर झाडीत राहत नाही.

यास्तव ज्या देवस्थानांच्या व गोशाळांच्या ताब्यात गवताळ जमीन असेल त्यांनी ती नांगरू नये, तीत झाडेही लावू नयेत. बी गळल्यावरच कापणी करावी. चारा विकत घ्यावयाचा तर बीड राखणाऱ्या शेतकऱ्याकडून, रास्त भावाने घ्यावा. श्रावणातील अमावास्येस आपण वर्षाचा दर्भ विधिपूर्वक उपटून आणतो. त्याच ऋतूत खरमोराची वीण चालू असते. गवत पवित्र आणि गवताची भूमी मात्र पडीक, हे म्हणण्यास आपली जीभ कशी रेटते, याचे उत्तर प्रत्येक देवस्थानाने द्यावे.