आधी थांबणे, मग धावणे

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी एक जुना खटला दरवर्षी नव्याने उभा राहत असे. आरोपी अंगणातली जीप, फिर्यादी आमची सौभाग्यवती आणि आरोपीचे वकीलपत्र घेतलेला मी. ‘हे लोखंड यंदा तरी भंगारवाल्याला द्यायचे आहे का?’ असा तिचा सवाल, आणि ‘एवढी दिवाळी होऊन जाऊ दे,’ हा माझा जबाब. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि आरोपीच्या हुडाच्या सांगाड्यावर कारल्याचा वेल चढला.

ही जीप आमच्या वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरण राष्ट्राला अर्पण झाले. मधली बरीच वर्षे वडिलांनी पैठणच्या बाजूला खात्याच्या जीपमधून धुरळा खात काढली. पुढे सरकारी लिलावात तसलीच एक १९६८ सालची जीप निघाली, ती त्यांनी घरी आणली. आमच्या मराठवाड्यात त्या काळी जीप म्हणजे केवळ वाहन नव्हते. गावात जीप शिरली की तहसीलदार आले, नाहीतर बी.डी.ओ. आले, नाहीतर निवडणूक आली, असे समजत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना साहेबाच्या आधी त्याच्या जीपचा धुरळा दिसे. तेव्हा अशी गाडी आपल्या दारात उभी राहिली याचा आईला अभिमान होता, आणि तिच्या पेट्रोलचा तितकाच धसकाही.

जीपची कुळकथा मोठी मौजेची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती जन्माला आली. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. कैलाशचंद्रांची अमेरिकेत विलीज कंपनीचे इंजिनियर बार्नी रूस यांच्याशी ओळख झालेली होती. त्यातून १९४९ साली मुंबईत माझगावला परदेशी सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे हळूहळू तिचे भाग इथेच घडू लागले.

आमची जीप त्यातली ‘सीजे-३बी’ जातीची. मूळ अमेरिकन नमुना १९५३ सालचा. तिच्या २.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, डोक्यात बसवले आणि बाहेर टाकणारे खाली बाजूलाच ठेवले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट वर उचलावे लागले. ही जीप नाक वर करून चालल्यासारखी दिसते, ती त्यामुळे. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते, आणि जे काही आहे ते नट-बोल्टांनी जोडलेले. आजची मोटार बिघडली की तिला संगणक लावून विचारावे लागते, ‘बाई, तुला काय होते आहे?’ जीप आपले दुखणे आवाजाने, वासाने आणि जमिनीवर पडलेल्या तेलाच्या डागाने आपणहून सांगते. घरी दुरुस्त करायला याहून सरळ स्वभावाचे यंत्र मिळणार नाही, असे माझे ठाम मत होते. मत खरे होते. दुरुस्त करणारा मात्र सरळ नव्हता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी कारल्याचा वेल उतरवला आणि कामाला लागलो. आता नवशिका माणूस आधी काय करतो? जे दिसते ते. मीही रंगाला हात घातला. मला लष्करी हिरवा रंग द्यायचा होता. रंगाऱ्याने कानावर घातले की, तो रंग सैन्यदलाच्या गाड्यांखेरीज इतर कोणत्याही गाडीला द्यायला कायद्याने बंदी आहे. मग निळा ठरला. गंज घासून काढला, खळगे लांबी भरून बुजवले, चार हात रंग मारला. गल्लीतले लोक येऊन पाहू लागले. मुलांनी सीटवर बसून फोटो काढले. सौभाग्यवतीसुद्धा ‘बरी दिसते हो!’ म्हणून गेली. त्या दिवशी मला वकिली जिंकल्यासारखे वाटले.

मग इंजिन. चारही प्लग काढून सिलिंडरात थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि हॅन्डलने हळूहळू फिरवले. वर्षानुवर्षे थांबलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये, आतल्या रिंगा मोडतात. टाकीतले कुजके पेट्रोल काढून टाकी धुतली. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सगळ्या नव्या घेतल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या काळचे रबर त्याने फुगते, चिरते. टाकी बैठकीखाली असल्यामुळे तिथे गळती चालू देणे म्हणजे शेगडीवर बसण्यासारखेच.

या कामात वडिलांची हत्यारपेटी उपयोगी पडली. आमच्या नव्या पान्यांची मापे मिलिमीटरची, आणि जीपचे नट इंचांचे. जवळपासच्या मापाचा पाना लावला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कोणाचेच ऐकत नाही. त्यातून या जातीच्या जुन्या जीपमध्ये डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. मी अर्धी सकाळ एक नट ‘सैल’ करत होतो, म्हणजे प्रत्यक्षात आवळत होतो! सातव्या की आठव्या खटपटीनंतर एका रविवारी इंजिन खोकले, धूर ओकले आणि चालू झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. धुरामुळे, असे मी मुलांना सांगितले.

आणि ब्रेक? ब्रेकची डबी उघडून पाहिली, तेल कमी होते, ते भरले. पायाला दाब घट्ट लागला. झाले काम!

श्रावणातल्या एका रविवारी मी दोन्ही मुलांना घेऊन म्हैसमाळला गेलो. नोंदणीचे नूतनीकरण अजून व्हायचे होते, विमाही नव्हता. तेव्हा गाडी रस्त्यावर आणणे हाच मुळात गुन्हा होता, हे आधी कबूल करतो. जाताना सगळे छान झाले. येताना खुलताबाद मागे टाकून दौलताबादचा घाट उतरू लागलो. पुढे एक एस.टी. होती. तिने वेग कमी केला म्हणून मी ब्रेक दाबला, आणि पाय थेट फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा फळी. वाचकहो, पायाखाली काही नसणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली. इंजिनाने किंकाळी फोडली, पण वेग थोडा धरला गेला. मग हॅन्डब्रेक. या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो. गिअरच्या पेटीतून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर त्याचा ड्रम असतो. त्यामुळे पायाच्या ब्रेकचे तेल गेले तरी तो वेगळा उरतो. तो मी एकदम न ओढता थोडा थोडा ओढत गेलो आणि गाडी कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगात घातली. ती थांबली तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता. धाकटा टाळ्या पिटत म्हणाला, ‘बाबा, पुन्हा एकदा!’ मोठी मुलगी बोलली नाही. तिने माझा सदरा मागून घट्ट धरला होता, आणि तो तिने घरी येईपर्यंत सोडला नाही.

गाडी दोराने ओढून घरी आणली. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे वडील जात त्या म्हाताऱ्या उस्तादांना रिक्षाने घेऊन आलो. गुडघे गेल्यामुळे त्यांनी गॅरेज बंद केले होते. खुर्ची टाकून ते जीपसमोर बसले, चहा घेतला, आणि बराच वेळ रंगाकडे पाहत म्हणाले, ‘साब, कलर तो दुल्हन के माफिक किये. मगर रुकती नई क्या?’ मी मान खाली घातली. ‘पैले रोकने का काम करते. बाद में चलाने का. कलर सबसे आखिर में. तुम पूरा उलटा किये.’

मग त्यांनी माझ्याकडूनच सगळे खोलवले. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला तर आत तेलाचे थारोळे. चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरातला रबरी कप चिरला होता. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले की लोखंडी सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांवर घासून कप फाटतो. चार दिवस दाब घट्ट लागतो, पाचव्या दिवशी घाटात जातो.

‘एका चाकाचा कप गेला तर चारही ब्रेक कसे गेले?’ मुलीने विचारले. पाणचक्की तिने पाहिलेली आहे. तेव्हा मी तिला तीच आठवून दिली. लांबच्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून शहरापर्यंत येते आणि चक्की फिरवते, ते नळ मधे कुठे फुटलेले नसतात म्हणून. वाटेत एक जोड निखळला तर पाणी तिथेच वाहून जाईल आणि चक्की थांबेल. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. एका ठिकाणी गळला की सगळा दाब तिथूनच निघून जातो. आताच्या मोटारींत असे दोन वेगळे मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा थोडेफार धरतो.

आम्ही मुख्य सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, गंजलेले पाइप आणि तेलात भिजलेली लायनिंग असे सगळे बदलले. एक डाव चुकला म्हणून बाकीचे तीन जुनेच ठेवायचे, ही काटकसर नव्हे. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही, विटाही लावल्या नाहीत. लोखंडी घोड्या लावल्या. शेवटी नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. मुले शाळेत, उस्तादांचे गुडघे असे. तेव्हा पेडलवर कोण बसले असेल? फिर्यादी स्वतः! सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. मी खालून ओरडायचे, ‘दाब... धर... सोड!’ आणि तिने वरून विचारायचे, ‘आता तरी सोडू का?’ तासाभरानंतर बुडबुडे संपले. तिने पेडल दाबले आणि म्हणाली, ‘अहो, आता भिंतीवर पाय ठेवल्यासारखे लागते.’ लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने माझ्या कोणत्याही कामाला याहून मोठे प्रशस्तिपत्र दिलेले नाही.

त्याच आनंदात मडगार्डवर ठेवलेला ब्रेक तेलाचा डबा माझ्या कोपराने लवंडला. ब्रेकचे तेल रंग खाते. तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुतले तर वाचतो. पण तो नळाला पाणी येण्याचा दिवस नव्हता. फडक्याने पुसायला गेलो तर चार हात रंग फडक्याबरोबर निघून आला. उस्ताद खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, ‘इसी वास्ते बोला था, कलर आखिर में.’

त्यानंतर कागदपत्रे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोज चालवता येत नाही. आम्हाला ती देव्हाऱ्यात ठेवायची नव्हती, म्हणून नेहमीचे पाच वर्षांचे नूतनीकरण केले आणि विमा उतरवला. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने आमच्या निळ्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, आणि सही केली.

कोणाच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी असेल आणि या दिवाळीच्या सुटीत तिच्यावर हात फिरवण्याचा विचार असेल, तर एवढेच सांगतो: पहिला पैसा ब्रेकवर, स्टिअरिंगवर आणि टायरांवर घाला, दुसरा इंजिनावर आणि पेट्रोलच्या नळ्यांवर, उरला तर रंगावर. नाही उरला तर बिनरंगाची गाडीही घरी परत येते.

यंदाच्या दसऱ्याला जीपला झेंडूची माळ घातली. सौभाग्यवतीने हळदकुंकू वाहिले, ते बोनेटवर नाही. दार नसल्यामुळे वाकून थेट ब्रेकच्या पेडलवर. मडगार्डवरचा तो उघडा पडलेला पत्रा अजून तसाच आहे. रंगाऱ्याने दोनदा विचारले, मी नको म्हटले. मोठी मुलगी गाडीत चढण्याआधी त्या डागावर एकदा बोट फिरवते आणि मग मला विचारते, ‘बाबा, पेडल दाबून पाहिले?’

पाहिल्याशिवाय ती चढत नाही, आणि मी तिला चढ म्हणत नाही.