‘व्यक्ती-केंद्रित’ फायलीतली जात

समाजकार्याच्या क्षेत्रात सध्या दोन शब्दांची चलती आहे. एक ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’, म्हणजे आपल्याच कामाकडे वळून पाहणे, आणि दुसरा ‘पर्सन सेंटर्ड प्लॅनिंग’, म्हणजे ज्याच्यासाठी योजना करायची त्यालाच मध्यभागी ठेवणे. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस प्रशिक्षण होते, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या जातात, जेवण होते, प्रमाणपत्र मिळते. सोमवारी पुन्हा तेच बालगृह, तेच रजिस्टर आणि तेच वाक्य: ‘ही मुलं ऐकतच नाहीत, घरचं वळणच तसं.’ हे ‘घरचं वळण’ म्हणजे काय, ते आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

हे दोन्ही शब्द मला मोलाचे वाटतात. म्हणूनच त्यांची चाललेली थट्टा सहन होत नाही.

कायद्याकडे बघू. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 39 नुसार मुलाचे पुनर्वसन त्याच्या वैयक्तिक आराखड्याच्या आधारे व्हायला हवे. आमच्या बोलीत त्याला आयसीपी म्हणतात. कलम 3 मध्ये तत्त्वे दिली आहेत: मुलाची प्रतिष्ठा, निर्णयात त्याचा सहभाग, भेदभाव नको, कलंक लावणारी भाषा नको. कागदावर याहून व्यक्ती-केंद्रित काय असणार? पण बालकल्याण समितीपुढे तारीख असते त्याच्या आदल्या संध्याकाळी हा आराखडा भरला जातो. मागच्या फायलीतला मजकूर उचलायचा आणि नाव बदलायचे. मुलीला विज्ञान शाखेला जायचे असते, तरी आराखड्यात येते शिवणकाम, नाहीतर ब्युटी पार्लर. कारण विचारले की उत्तर ठरलेले: ‘त्यांना लवकर पायावर उभं केलं पाहिजे.’ आपल्या मुलीला दहावीनंतर कुठल्या क्लासला घालायचे यावर घरात महिनाभर खल करणारी माणसे दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य दहा मिनिटांत शिलाई मशीनला बांधून मोकळी होतात. मुलगी तिथे नसतेच. ती खाली अंगणात कपडे वाळत घालत असते.

‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा रकाना तर मुळापासून वाचावा असा असतो. एका फायलीत मी वाचले: ‘आईचे मुलीकडे दुर्लक्ष.’ आई पहाटे चारला ठेकेदाराकडे झाडूकामाला जाते, दुपारी दोन घरची धुणीभांडी करते. नवरा नाही, घर भाड्याचे. तिच्या दुर्लक्षाची नोंद झाली. किमान वेतन बुडवणाऱ्या ठेकेदाराच्या दुर्लक्षाला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. पिढ्यान् पिढ्या एकाच जातीच्या हाती झाडू का, हा प्रश्न तर भरणाऱ्याला सुचलाही नाही. गरिबी दिसते, व्यसन दिसते, ‘विस्कळीत कुटुंब’ दिसते. जात तेवढी दिसत नाही. ती फायलीत येते फक्त शिष्यवृत्तीच्या दाखल्यापुरती.

धर्माचा रकाना तर न विचारताच भरतात. मूल बौद्ध आहे, घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, तरी लिहितात ‘हिंदू’ आणि पुढे जुनी जात. कुणी हटकले तर ऐकवतात, ‘नाहीतर सवलत जाईल.’ अनुसूचित जातींच्या आदेशात 1990 मध्येच दुरुस्ती होऊन त्यात बौद्ध आले. तीन दशके उलटून गेली तरी पदवीधर समाजकार्यकर्त्याला हे ठाऊक नसेल तर ते निव्वळ अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. मग संध्याकाळच्या आरतीला सगळ्यांबरोबर उभे न राहणारा मुलगा ‘वर्तन समस्या’ म्हणून समुपदेशकाकडे पाठवला जातो. ज्याला त्रिसरण म्हणायचे आहे त्याला आरतीला उभे करणे हे कुठल्या पुस्तकात व्यक्ती-केंद्रित ठरते?

आता ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’चे बघू. प्रशिक्षणात सांगतात की डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने 1983 च्या पुस्तकात ही कल्पना मांडली. बरोबर आहे. पण शॉन यांनी हार्वर्डमध्ये पीएच.डी.साठी जॉन ड्यूई यांच्या चिकित्सेच्या सिद्धांतावर काम केले होते, हे कुणी सांगत नाही. ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू. चिंतनशील विचार म्हणजे काय, हे ड्यूई यांनी 1910 मध्येच लिहिले होते आणि 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब कोलंबियात शिकत होते. ज्या विचाराच्या उगमाशी आपला बाप बसून शिकला, तो विचार आज आपल्यालाच ‘कपॅसिटी बिल्डिंग’ म्हणून विकला जातो आणि त्यातून बाबासाहेब तेवढे गाळले जातात.

त्याहून मागे जायचे तर मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे बुद्ध त्याला विचारतात. मग सांगतात की काया, वाचा, मन यांनी कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासून बघ: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का? होत असेल तर थांब, आणि काया-वाचेने पीडा घडून गेली असेल तर शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे ते उघड कर. शॉन कृती चालू असतानाचे आणि कृतीनंतरचे चिंतन सांगतात. बुद्ध कृतीच्या आधीचेही सांगतात आणि कसोटी ठेवतात समोरच्याच्या पीडेची. आमच्या प्रशिक्षणात मात्र डायरीत लिहायचे असते, ‘आज मला कसे वाटले?’ सवर्ण कार्यकर्तीला आज फार दमल्यासारखे वाटले, हे कळले. पण वस्तीत गेल्यावर पाणी पुढे केले तेव्हा ‘आत्ताच प्यायले’ असे ती का म्हणाली, हे डायरीत येत नाही आणि तिचा पर्यवेक्षकही ते विचारत नाही.

चळवळीतल्या काही साथींचे म्हणणे आहे की ‘व्यक्ती-केंद्रित’ ही भांडवली चूष आहे, ती समूहाचा प्रश्न एकट्याच्या माथी मारते. हा धोका खरा आहे. वरच्या आईचे उदाहरण त्याचेच आहे. पण म्हणून व्यक्ती सोडायची का? 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला घटक मानायला ठाम नकार दिला आणि मसुद्याने व्यक्तीला घटक मानले याचे समाधान व्यक्त केले. जातीत जन्मलेल्याला ‘तू स्वतः कोण, तुला काय हवे’ असे या देशात कुणी विचारत नव्हते, म्हणून तो आग्रह होता. सरकार ‘लाभार्थी’ म्हणते, संस्था ‘केस’ म्हणते आणि आपणही सभेत ‘पीडित’ म्हणतो. पीडितालाही गणित आवडू शकते, अंडे नको असू शकते, आत्याकडे राहायचे असू शकते.

आणखी एक माणूस या सगळ्यातून गायब आहे: मावशी. मुलांना रात्री ताप आला तर उठणारी, कुणाला अंधाराची भीती वाटते हे जाणणारी, अंथरूण ओले झाले तर आवाज न करता बदलणारी. बहुतेक ठिकाणी ती आपल्याच समाजाची असते, कंत्राटावर असते आणि नियोजनाच्या बैठकीत चहा आणण्यापुरती येते. मुलाची खरी माहिती तिच्याजवळ आणि सहीचा अधिकार एसी केबिनमधल्याकडे.

तेव्हा प्रशिक्षणाचा हॉल बुक करण्याआधी संस्थांनी एवढे करावे. आराखड्याच्या बैठकीत मूल आणि मावशी दोघांना खुर्ची द्यावी. लिहिलेले मुलाला त्याच्या बोलीत वाचून दाखवावे, त्याचा नकार असेल तर तोही त्याच्याच शब्दांत नोंदवावा. धर्म विचारून लिहावा. आणि दर महिन्याच्या पर्यवेक्षणात कार्यकर्त्याला त्याच्या जातीबद्दल विचारावे, मुलाच्या नव्हे. बालगृहांवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या भेटीत पाच आराखडे मागून शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. किती मुलींच्या नशिबी शिवणकाम लिहिले आहे ते मोजावे आणि तो आकडा लेखी स्वरूपात जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावा.