अवकाशातील किलबिलाट

जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ‘अ‍ॅनिक ई-१’ आणि ‘अ‍ॅनिक ई-२’ हे दोन दळणवळण उपग्रह काही तासांच्या अंतराने तोल जाऊन गरगरू लागले. देशातील दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी सेवा विस्कळीत झाली. पहिला उपग्रह काही तासांत ताब्यात आला, दुसऱ्यासाठी मात्र कित्येक महिने झगडावे लागले. त्यांच्यावर काहीही आदळले नव्हते. संशयाची सुई वळली ती अतिवेगवान इलेक्ट्रॉनांकडे. असे इलेक्ट्रॉन उपग्रहाचे कवच भेदून आतल्या विद्युतरोधक भागांत साचतात आणि अखेर ठिणगी पडून यंत्रणा निकामी होते.

या इलेक्ट्रॉनांचे घर म्हणजे पृथ्वीभोवतीचे प्रारण पट्टे. १९५८ मध्ये ‘एक्स्प्लोरर-१’ या उपग्रहावरील गायगर गणकाच्या नोंदींवरून जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनी त्यांचा शोध लावला. बाहेरचा पट्टा साधारण १३ हजारांपासून ६० हजार किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला असतो. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह, अर्थात ‘इस्रो’चेही, याच वस्तीत राहतात.

सूर्यावरून वादळ आले की पट्ट्यातील इलेक्ट्रॉन वाढणार, असा सरळ हिशेब कोणीही मांडेल. तो चुकतो. १९८९ ते २००० या काळातील २७६ चुंबकीय वादळांचा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्या वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले, साधारण पाचातील एका वादळानंतर ते घटले आणि उरलेल्यांत फारसा फरक पडला नाही. वादळ किती मोठे, एवढ्यावरून नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही.

याचे मोठे कारण आहे प्लाझ्मामधील लहरी. पट्ट्यातील इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत असतात. लहरीचे आंदोलन आणि ही गिरकी यांचा ताल जुळला, की झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलावे तशी ऊर्जा मिळत जाते. ‘कोरस’ नावाच्या लहरी हेच करतात. त्यांचे ध्वनीत रूपांतर केले तर पहाटेच्या पाखरांची किलबिल ऐकू येते. पण याच किलबिलाटाने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात. ‘हिस’ नावाच्या फुसफुसणाऱ्या लहरींचे काम उलटे. त्या इलेक्ट्रॉनांची दिशा बिघडवून त्यांना वातावरणात ढकलतात. दोन पट्ट्यांमधली बरीचशी मोकळी जागा त्यांनीच राखलेली आहे. म्हणजे एक लहर भरते, दुसरी उपसते. १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर-१’ला गुरूभोवतीही कोरस आढळल्या.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘नासा’ने पाठवलेल्या ‘व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज’ या जुळ्या यानांनी हे पट्ट्यात शिरून मोजले. त्याच ऑक्टोबरातील वादळात इलेक्ट्रॉन बाहेरून ढकलले गेले नव्हते, तर पट्ट्याच्या आतच वेगवान झाले होते, हे त्यांच्या नोंदींतून दिसले. इंधन संपल्याने २०१९ मध्ये दोन्ही याने बंद झाली.

प्रश्न इथेच आहे. अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चुंबकीय वादळांची नोंद ठेवते, हे आपले मोठे संचित. पण जमिनीवरून वादळाची तीव्रता कळते, वरच्या इलेक्ट्रॉनांचे काय झाले ते नाही. त्यासाठी तिथेच मोजणी हवी, आणि ती एखाद्या मोहिमेपुरती नव्हे, तर पावसाच्या नोंदींसारखी अखंड. अंतराळात जाणाऱ्या प्रत्येक भूस्थिर उपग्रहावर इलेक्ट्रॉन मोजणारे छोटे उपकरण असावे, त्याची माहिती सर्व संशोधकांना खुली असावी, असा नियम करण्यास हरकत कोणाची? उपग्रहाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. दूरचित्रवाणीपासून हवामानाच्या इशाऱ्यांपर्यंत ज्यांच्यावर आपण विसंबतो, ते उपग्रह नशिबाच्या हवाली करणे शहाणपणाचे नाही.