हार घालून झाला, आता अहवाल कोण देणार?

'अमुक समितीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' असे फ्लेक्स भोरच्या चौकात लागतात, वेल्ह्यातही लागतात. खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी असते आणि त्या यादीत आपल्या वस्तीतली पोरेही असतात. सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. त्यानंतर ती समिती कधी बसली, तिथे काय ठरले, आपला माणूस हजर होता का, तो काय बोलला, याची एक ओळही वस्तीपर्यंत येत नाही. पुढचा फ्लेक्स थेट वाढदिवसाचा असतो.

आम्हाला इथे कोणा एका व्यक्तीवर टीका करायची नाही. समितीवर जाणे म्हणजे मान आणि परत येऊन सांगणे म्हणजे उपकार, अशी जी पद्धत पक्की झाली आहे तिच्यावर आमचा आक्षेप आहे. आपल्या चळवळीनेही ही पद्धत मुकाट्याने मान्य केली आहे, म्हणून हा लेख.

आधी या समित्या काय ठरवतात ते पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती घटनेत आली. कलम 243 झेडडी सांगते की या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्रात याचा कायदा 1998 चा आहे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा इथून वाटला जातो आणि त्यातच अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांतला रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर यांचा निधी याच वाटेने येतो. कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांचा आदिवासी उपयोजनेचा पैसाही याच टेबलावरून जातो.

आता गणित बघा. या समितीत जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या वर होती. भोर शहराची 18 हजारांच्या आसपास. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, सगळा मिळून 54 हजारांच्या घरात. तिथे तर नगरपरिषदही नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या शहरांचे नगरसेवक मिळून आपले प्रतिनिधी निवडतात. म्हणजे भोरच्या नगरसेवकाने मत द्यायचे आणि निवडून येणारा दौंडचा किंवा लोणावळ्याचाही असू शकतो. तो परत कोणाला सांगणार? भोरला? त्याच्या गावाला? की त्याला उमेदवारी देणाऱ्या नेत्याला? ज्यांची संख्या मोठी, त्यांचे काम सांगण्यावाचूनही होते. ज्यांची संख्या छोटी, त्यांना माहितीशिवाय दुसरे हत्यार नाही.

दुसरे उदाहरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे. 2015 मध्ये ते स्थापन झाले. भोर आणि वेल्हे तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत आहे. ऑगस्ट 2021 मध्ये त्याचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. या चार वर्षांत कोणत्या गावातून रस्ता जाणार, कोणती जमीन शेती राहणार आणि कोणती निवासी होणार, यावर बैठका झाल्या. गावठाणाबाहेरच्या वस्त्यांचे काय, पूर्वीच्या महार वतनाच्या जमिनींचे काय, हे आपल्या बाजूने तिथे कोणी विचारले का? विचारले असेल तर उत्तर काय मिळाले? वतन जमिनीचा भाव वाढणार हे मालकाच्या आधी दलालाला कळते, याचे कारण हेच आहे. दलालाला बैठकीचा अहवाल मिळतो, आपल्याला मिळत नाही. 2025 मध्ये मुंढव्याच्या महार वतन जमिनीच्या व्यवहाराने राज्य ढवळून निघाले, तेव्हा आपल्याकडे किती संताप झाला! संतापाआधी माहिती हवी होती.

तिसरे उदाहरण पाण्याचे. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी बारामती, फलटण, इंदापूरच्या शेतापर्यंत जाते. आवर्तन कधी सोडायचे, किती सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. धरणे आपल्या डोंगरात, बैठक पुण्यात किंवा मुंबईत, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणारी बाई मात्र धरणाच्या काठावरच्या वाडीतली. त्या बैठकीत आपल्या दोन तालुक्यांच्या वतीने काय मांडले गेले, हे त्या बाईला कोणी सांगितले आहे का?

यावर नेहमीची उत्तरे ठरलेली आहेत. एकेक घेऊ.

पहिले उत्तर: 'विषय तांत्रिक असतात, लोकांना समजत नाहीत.' हे उत्तर आपल्याला फार जुने आहे. तुम्हाला समजणार नाही, म्हणून तुम्हाला सांगायचे नाही, आणि सांगितले नाही म्हणून तुम्हाला समजत नाही. याच चक्राने आपल्याला शतकानुशतके शिक्षणाबाहेर ठेवले. ज्या समाजातली पोरे एमपीएससीसाठी अख्खी राज्यघटना पाठ करतात, त्यांना समितीचा इतिवृत्तांत समजणार नाही?

दुसरे उत्तर: 'माहिती अधिकारात अर्ज टाका.' टाकूच. पण 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 वाचा. कोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळते का, हे कार्यालयाने अर्जाशिवाय स्वतःहून जाहीर करायचे आहे. शिवाय माहितीचा अर्ज अधिकाऱ्याला जातो. आम्ही प्रश्न विचारतो आहोत तो निवडून दिलेल्या माणसाला. त्याने अधिकाऱ्याच्या आड लपू नये.

तिसरे उत्तर: 'असा अहवाल द्या, असे कायद्यात कुठे आहे?' मग कायद्यात आणा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात 2005 पासून असा कायदा आहे की सार्वजनिक पैशाने बाहेरच्या बैठकीला गेलेल्या सदस्याने आपल्या सभागृहाच्या पुढच्या नियमित बैठकीत त्याचा थोडक्यात अहवाल द्यायचा. आपल्याकडे 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली. क्षेत्रसभा आपल्या प्रभागात झाली का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आणि कायदा नाही म्हणून सांगायचे नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायाच्या तोंडी शोभत नाही.

चौथे उत्तर सर्वात घातक आहे आणि ते आपल्याच लोकांकडून येते: 'आपला माणूस आत आहे, त्याला अडचणीत आणू नका.' आत असलेला माणूस आपला आहे हे कशावरून ठरवायचे? जातीच्या दाखल्यावरून? सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडावी लागली. तेव्हापासून राखीव जागेवरचा उमेदवार आपल्या मतांवर नाही, सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो. त्यामुळे त्याची दोरी पक्षाच्या हातात राहते, ही बाबासाहेबांची तक्रार होती. ती दोरी आज आपण कापू शकत नाही. पण त्याने दर बैठकीनंतर वस्तीत उभे राहून बोलले पाहिजे, अशी दुसरी दोरी नक्की बांधू शकतो.

बाबासाहेबांनी हे स्वतः कसे केले ते आठवा. 1927 च्या सुरुवातीला ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, तेही सरकारनियुक्त सदस्य म्हणून. त्याच वर्षी 3 एप्रिलला त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. सभागृहात बोलणे आणि समाजाला सांगणे ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने केली. सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांताच्या समितीवर ते होते. समितीचे म्हणणे पटले नाही, तेव्हा त्यांनी तिच्या अहवालावर सही न करता 17 मे 1929 रोजी आपला वेगळा अहवाल दिला. समितीत कोण कुठे उभा होता, हे आज जवळजवळ शंभर वर्षांनीही कोणीही वाचू शकतो. आजच्या आपल्या समिती सदस्याचे गेल्या महिन्यातले मत आपण वाचू शकतो का?

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथला धडा तर नगरपालिकेचाच आहे. ऑगस्ट 1923 मध्ये बोले ठराव कौन्सिलात पास झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी बंदच राहिले. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेने तो मागेही घेतला. कागदावर मिळालेले कागदावरच काढून घेता येते. लोकांना माहीत असेल आणि लोक लक्ष ठेवून असतील तरच ते टिकते.

मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. निवडून दिलेला माणूसच नव्हता, मग विचारणार कोणाला? ती सबब आता संपत आली आहे. भोर नगरपरिषदेची निवडणूक डिसेंबर 2025 मध्ये झाली. सभागृहात माणसे बसली आहेत. म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक. नगरपरिषदेच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'बाहेरील समित्यांवरील सदस्यांचा अहवाल' हा कायमचा विषय असावा. ग्रामीण भागात जिल्हा परिषद सदस्याने तो ग्रामसभेत द्यावा.

दोन. बैठकीनंतर 15 दिवसांत एक पानी लेखी अहवाल द्यावा: तारीख, हजर की गैरहजर, विषय, मी काय बोललो, काय ठरले, अनुसूचित जाती-जमातींच्या निधीचे काय झाले. एवढेच. एका पानाला सल्लागार लागत नाही.

तीन. अनुसूचित जाती उपयोजनेचा मंजूर, प्राप्त आणि खर्च झालेला निधी वस्तीवार जाहीर करावा, तोही 31 मार्चच्या आधी. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात तो कायदा व्हावा ही मागणी याच कामाचा भाग आहे.

आणि आपण काय करायचे? प्रत्येक वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरापोरींनी एक वही घालावी. आपल्या भागातून कोण कोणत्या समितीवर आहे, बैठक कधी झाली, अहवाल आला की नाही, याची नोंद ठेवावी. रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे ती वही वाचावी. अहवाल आला असेल तर तो वाचावा. आला नसेल तर 'अहवाल आला नाही' एवढेच नाव घेऊन वाचावे. चांगले काम केलेल्या सदस्याचेही नाव घ्यावे, कारण तो एकटा लढत असेल तर त्याच्या मागे उभे राहणे हेही आपलेच काम आहे. आणि पुढच्या वेळी सत्काराची वर्गणी मागायला कोणी आले, तर आधी मागच्या बैठकीचा कागद मागावा.

जय भीम! जय संविधान!